एका दमात

मामा भेटले की रामराम नाही, नमस्कार नाही. समोरच्याच्या छातीकडं बघायचे आणि म्हणायचे, "मोज."

मोजायचं म्हणजे एक, दोन, तीन असं मोठ्यानं म्हणत जायचं. मध्ये श्वास घ्यायचा नाही. मामा चुन्याच्या डबीवर बोटानं ठेका धरायचे. एका ठोक्याला एक आकडा. कुणी घाई केली की परत पहिल्यापासून. दम संपला की थांबायचं, आणि जिथं थांबलात तो तुमचा त्या महिन्याचा आकडा. माझा पहिला आकडा सेहेचाळीस होता. मामांचा त्या दिवशी एकतीस आला.

नात्यानं ते माझे कुणी नव्हते. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, म्हणून मीही म्हणायचो.

कारखाना सिमेंटच्या पत्र्यांचा होता. औरंगाबाद तेव्हा भराभर वाढत होतं. एमआयडीसीत शेडवर शेड उभी राहत होती आणि प्रत्येक शेडला पत्रे लागत होते. ते पत्रे आम्ही करत होतो. सिमेंटमध्ये एक तंतू मिसळायचा, त्यानं पत्र्याला बळकटी यायची. हा तंतू पोत्यांतून यायचा. कागदावर त्याचं नाव अ‍ॅस्बेस्टॉस. कामगार त्याला 'रुई' म्हणायचे. मी सोयगावकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. पहिल्या दिवशी फुटलेल्या पोत्यातून पांढुरका पुंजका बाहेर आलेला बघितला आणि मला वाटलं, ही लोकर आहे. मामांना तसं म्हणालो.

"लोकरच हाय," ते म्हणाले. "पन ह्याची मेंढी नसती. दगडाची लोकर हाय ही. पानी लाव, आग लाव, काय व्हत नाय तिला. आता इचार कर, छातीत गेल्यावर काय व्हनार तिचं."

मी हजेरी कारकून होतो. वय बावीस, नोकरी अजून कायम झालेली नव्हती. टाइम ऑफिसच्या खिडकीत बसायचं, आलेल्या माणसाची खूण करायची, आणि महिनाअखेरीस कोण किती दिवस आला, कोणत्या पाळीला आला, कोणत्या खात्यात होता, ते हजेरीपुस्तकात उतरवायचं. माझं अक्षर चांगलं होतं आणि बेरीज कधी चुकत नव्हती. मामा मला 'मुन्शी' म्हणायचे. त्यांना लिहिता येत नव्हतं. म्हणून महिन्याच्या एक तारखेला, जेवणाच्या सुट्टीत, सायकल स्टँडपाशी मी त्यांच्या वहीत आकडे लिहायचो. लाल पुठ्ठ्याची शंभर पानी वही होती. तीन रकाने त्यांनीच सांगून आखून घेतलेले: नाव, काम कुठं, आकडा.

काम कुठं, या रकान्यात बहुतेकांपुढं मी 'पोती फोडणं' असं लिहिलेलं आहे. मामांपुढंही तेच.

पोती फोडण्याचं खातं कारखान्याच्या मागच्या अंगाला होतं. विळ्यानं पोत्याची शिवण कापायची, पोतं खांद्यावर घ्यायचं, यंत्राच्या तोंडात रिकामं करायचं आणि तळाशी चिकटलेलं खाली पडावं म्हणून दोनदा झटकायचं. झटकलं की सगळं खातं पांढरं व्हायचं. तोंडाला बांधायला ज्याचा त्याचा रुमाल. पाळी सुटली की माणसं भुवया पांढऱ्या करून बाहेर यायची आणि एकमेकांना 'ये म्हाताऱ्या' म्हणून चिडवायची. बाहेर आल्यावर प्रत्येकाला गुळाचा खडा मिळायचा. गुळानं घशातली धूळ पोटात जाते आणि पोटातून निघून जाते, असं सगळे मानत. कंपनीही मानत असावी, कारण गूळ कधी चुकला नाही.

मामा आपला खडा घ्यायचे आणि भिंतीलगतच्या मुंग्यांना घालायचे.

"मामा, मुंग्यांनी काय पोती फोडली व्हय?" कुणीतरी विचारायचंच.

"त्यांना तरी लागू व्हईल. गूळ जातो पोटात आन धूळ जाती छातीत. दोगांची गाठ कुठं पडनार?"

त्यांचा दुसरा चक्रमपणा अंघोळीचा. जानेवारीच्या थंडीतही पाळी सुटल्यावर गेटजवळच्या नळाखाली बसायचे. कामाचे कपडे बादलीत भिजवून तिथंच पिळायचे. घरी न्यायचे नाहीत, बायकोला हात लावू द्यायचे नाहीत. अंघोळ होईपर्यंत कुणी जवळ आलं की ओरडायचे, "लांब व्हय, लांब व्हय!" मामा दलित वस्तीतले. एकदा एका फिटरनं हसत विचारलं, "काय मामा, आता तुमी आमाला शिवून घेईनात व्हय?"

मामा डोक्यावर पाणी घेत म्हणाले, "जल्मभर दुसऱ्यानं मला लांब व्हय म्हनलं. आता मी म्हनतोय तर सोस की थोडं."

सगळे हसले. फिटरही हसला, पण लांब झाला.

तिसरा चक्रमपणा पाण्याचाच. पोतं फोडायच्या आधी ते झाडांना घालायच्या झारीनं त्यावर पाणी शिंपडायचे. धूळ कमी उडायची, पण भिजलेले गोळे यंत्रात अडकायचे. सुपरवायझर शिव्या घालायचा, मामा झारी खाली ठेवायचे, आणि तो वळला की परत उचलायचे.

हे मोजणं त्यांना कुठून सुचलं, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा मराठवाड्यात जी जाळपोळ झाली, तीत त्यांचं पैठणकडच्या गावातलं घर गेलं. ते बायकोला घेऊन शहरात आले आणि कारखान्यात लागले. त्यांच्याबरोबर वस्तीतले अकरा जण एकाच आठवड्यात लागले, सगळे पोती फोडायला. नामांतराचे मोर्चे चालूच होते. त्या अकरांतला एक जण घोषणा द्यायचा. "लई लांबलचक घोषना," मामा म्हणाले. "पार बाबांच्या पदव्यांपासून सुरू व्हायची ती इद्यापीठापर्यंत. एका दमात म्हनायचा. लोक नुसते ऐकत राह्यचे. दहा-अकरा वर्सं गेली. एका मोर्चात त्यानं घोषना सुरू केली आन अर्ध्यातच तुटली. त्याला वाटलं घसा बसला. लोकान्ला वाटलं म्हातारा झाला. चाळिशीचा नव्हता बग. मी मनात म्हनलं, घसा नाय हा. दम हाय."

तो माणूस क्षयाच्या गोळ्या खात खात गेला. त्यानंतर मामांनी मोजायला सुरुवात केली. मी नोकरीला लागलो तेव्हा अकरांतले पाच उरले होते. आणि या पाचांचे आकडे मी लिहिले आहेत. बिडी ओढणारे होते, न ओढणारे होते. आकडा सगळ्यांचाच उतरत होता. सिमेंटच्या खात्यातल्या लोकांचा तेवढा नाही, रंगाच्या खात्यातल्यांचा जवळजवळ नाहीच. मला आकडे कळतात. सहा महिन्यांत मला दिसलं होतं की ही वही काय सांगते आहे. मी वही मिटायचो, मामांना द्यायचो आणि खिडकीत जाऊन बसायचो.

आता माझ्या आईची गोष्ट.

माझी आई महिनाभर माझ्याकडं राहायला आली होती. रिकामी पोती कारखान्यात ढिगानं पडलेली असायची आणि कामगार ती घरी न्यायचे. कुणी दारात अंथरायचं, कुणी त्यात धान्य भरायचं. मीही सहा पोती नेली. मामांनी मला पाहिलं असतं तर नेऊ दिली नसती, पण त्या दिवशी त्यांची पाळी दुसरी होती. आईनं पोती अंगणात झटकली आणि आतून निघालेला पुंजका बघून थक्क झाली. जन्मभर लोकर कातलेली बाई. म्हणाली, "येवढी बारीक लोकर, आन टाकून देतेत?" तिनं सगळं गोळा केलं. टकळीवर कातून बघितलं, पण पीळ बसेना. मग तिनं त्याची उशी केली आणि ती माझ्या डोक्याखाली न देता स्वतःच्या डोक्याखाली घेतली, कारण तिला ती मऊ लागत होती.

ही गंमत म्हणून मी कँटीनमध्ये सांगितली. मामांनी हातातली भाकरी खाली ठेवली.

"किती दिस झाले?"

"नऊ."

त्या दिवशी पाळी सुटल्यावर त्यांनी अंघोळ केली नाही. तसेच माझ्या सायकलवर मागं बसले. दुपारचे साडेतीन झाले होते. आई दारातच ज्वारी निवडत होती. मामा उंबऱ्याच्या बाहेर थांबले.

"या की आत, पाव्हनं," आई म्हणाली. ते येईनात. तिला वाटलं, जातीमुळं थांबलेत. "आमच्यात तसलं काय मानत नाय. या."

"तसलं नाय, माय. आंगावर कामाचे कपडे हायेत. तुजी उशी दे, आन बादलीभर पानी."

"उशी कशाला?"

"विष हाय त्यात."

आई माझ्याकडं बघायला लागली. तिनं उशी आणून दिली, पण देताना जरा ओढून धरली, जशी बाई नवी वस्तू ओढून धरते. मामांनी उशी आणि सहाही पोती बादलीत दाबून भिजवली, ओलीच उचलली आणि मोकळ्या प्लॉटच्या कडेला गुडघाभर खड्डा खणून पुरली. खणताना तीनदा बसावं लागलं त्यांना. मग मला सांगितलं, "खोली झाडू नगं. वल्या फडक्यानं पूस. भिंती बी."

जाताना आईला म्हणाले, "माय, मोज."

आईला शंभरापर्यंत आकडे येत नव्हते. ती मेंढरं मोजायची तशी विसा-विसानं मोजायला लागली. दोन विसा पार करून तिसऱ्या आकड्यावर तिचा दम संपला. मामांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी बघितला नव्हता. "दोन इसा आन तीन! मुन्शी, तुज्या आईचं लिव्ह."

वहीत आईचं नाव आहे. काम कुठं, या रकान्यात त्यांनी सांगितलं म्हणून मी 'उशी' असं लिहिलं आहे. आकडा त्रेचाळीस. आई ऐंशीच्या पुढं जगली आणि खोकल्याशिवाय गेली. नऊ रात्रींनी तिला काही झालं असतं की नसतं, हे मला माहीत नाही. हा तंतू छातीत रुतून बसतो आणि दहा, वीस, तीस वर्षांनी बोलतो. कुणाशी बोलेल ते सांगता येत नाही. मला एवढंच माहीत आहे की एक माणूस अंघोळ न करता, धापा टाकत, माझ्या आईसाठी खड्डा खणून गेला.

आता मी काय केलं ते सांगतो.

हजेरीपुस्तकात 'खातं' नावाचा रकाना होता. पोती फोडण्याच्या खात्यात कागदावर फक्त चार माणसं होती. प्रत्यक्षात एका पाळीला चौदा असायची. बाकीच्या दहांपुढं 'आवार, हमाल' असं लिहायचं. आवारात म्हणजे उघड्यावर काम, तिथं धूळ नाही. पोती फोडणाऱ्यांची छाती दर वर्षी तपासावी लागते, चौदांपेक्षा चौघांची तपासणं सोपं. सुरुवातीला मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, "मागच्या कारकुनानं काय लिहिलंय? तेच लिही." मी मागचं पान बघितलं आणि तेच लिहिलं. चार वर्षं लिहिलं. माझ्या हजेरीत एका दिवसाची चूक नव्हती, अर्ध्या पाळीची नव्हती. फक्त माणसं जिथं होती तिथं नव्हती.

नामांतर झालं त्या आठवड्यात मामा खिडकीशी आले. सोळा वर्षांनी विद्यापीठाच्या कमानीवर नवं नाव येणार होतं. वस्तीत रांगोळ्या होत्या, त्यांच्या सदऱ्यावर गुलाल होता, हातात पेढ्याचा पुडा. त्या महिन्यात त्यांचा आकडा चौदा आला होता. पेढा माझ्या हातावर ठेवून ते बराच वेळ खिडकीचा गज धरून नुसते उभे राहिले. दम परत आल्यावर बोलले.

"सरकारी दवाखान्यात गेल्तो. दोनदा टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, गुन नाय. डाक्टर नवा हाय, पोरगा शाना हाय. म्हनला, ह्यो टीबी वाटत नाय, धूळ दिसती. पन तुमी धुळीत काम केलं असं कारखान्याच्या कागदावर आना, म्हंजे मी तसं लिवतो आन पुढच्या तपासन्या करतो. नायतर परत टीबीच. तर मुन्शी, दे लिवून. मी पंधरा वर्सं पोती फोडली, येवढंच."

मी म्हणालो, "मामा, रजिस्टरला आवार आहे."

"त्ये मला ठावं हाय. लाल वहीत काय हाय?"

"ती वही कंपनीची नाही."

"अक्षर कुनाचं हाय?"

"माझं."

"आन हितलं?"

"माझंच."

"मग दोनीतली खरी कंची, त्ये तूच सांग."

मी म्हणालो, साहेबांना विचारतो. मामा हसले. हसताना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबला नाही. मग म्हणाले, "येका नावापायी लोकान्ची घरं जळली, मुन्शी. सोळा वर्सं. तरी बदललं. आन तुला माज्या खात्याचं नाव बदलायला सायेब लागतोय?"

साहेबांनी सांगितलं, रजिस्टरला जे आहे ते दे. माझी नोकरी कायम व्हायला दोन महिने होते. हे कारण म्हणून सांगत नाही. असं होतं, एवढंच. मी कंपनीच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं: हे आमच्याकडं पंधरा वर्षं आवारात हमाल आहेत. मामांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. कागदाची चार घड्यांची घडी केली.

"अक्षर लई झ्याक हाय तुजं," म्हणाले आणि गेले.

त्यात टोमणा होता का, यावर मी बराच विचार केला आहे. मला वाटतं, नव्हता. लिहिता न येणाऱ्या माणसाला अक्षराचं खरंच कौतुक असतं.

त्या कागदावर तिसऱ्यांदा टीबीच्या गोळ्या मिळाल्या. छातीला पडलेले वण गोळ्यांनी भरत नाहीत, योग्य निदान झालं असतं तरी भरले नसते, हे मला आता माहीत आहे. पण धुळीतून ते तेव्हाच बाहेर निघाले असते. गोळ्यांनी पोट जळालं नसतं. आणि उरलेल्या पाचांकडं कुणीतरी बघितलं असतं. मामा आणखी सात महिने पोती फोडत राहिले, मग येईनासे झाले. दर एक तारखेला मी सायकल स्टँडपाशी जायचंही सोडून दिलं. माझी नोकरी कायम झाली.

दुसऱ्या उन्हाळ्यात ते गेले. मला चार दिवसांनी कळलं, हजेरीपुस्तकातून नाव कमी करायचा कागद आला तेव्हा.

मी त्यांच्या घरी गेलो. मामी दारात बसल्या होत्या. मला ओळखत होत्या. आत गेल्या आणि लाल वही आणून दिली. "तुजीच हाय म्हनायचे. लिवनारा तू."

मी शेवटची पानं उघडली. मी यायचं थांबवल्यानंतर आकडे नव्हते, कोळशाच्या उभ्या रेघा होत्या. मामांनी मोजणं सोडलं नव्हतं. बारा रेघा. मग अकरा. मग नऊ. एका पानावर सहा. शेवटच्या पानावर चार रेघा होत्या आणि पाचवी अर्धी. मी त्या तिथंच उभं राहून मोजल्या, आणि मग परत मोजल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी मी साधा कोरा कागद घेतला आणि लिहिलं. साहेबांना विचारलं नाही. लिहायला चार मिनिटं लागली. खाली सही केली, नाव, हुद्दा, तारीख घातली आणि सायकल काढून परत वस्तीत गेलो. कागद मामींच्या हातात दिला. त्यांनी तो उलटा-सुलटा करून बघितला.

"काय हाय ह्ये?"

"मामांनी मागितलं होतं ते."

"मला कुठं येतंय. वाच तूच."

मी वाचलं: "हे पंधरा वर्षं पोती फोडण्याच्या खात्यात होते, हजेरीपुस्तकात आवार असं आहे ते चुकीचं आहे, आणि ते मी लिहिलेलं आहे."

मामी ऐकत होत्या. नंतर थोडा वेळ त्यांनी ओठ हलवले, कदाचित तेच शब्द मनात परत म्हणून बघत असाव्यात. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या,

"येवढंच व्हतं व्हय?"

"एवढंच."

"येका दमात झालं की रं."